पहिलं ऑम्लेट परत

त्या रविवारी सकाळी घरात इतकी सभ्यता पसरली होती, की अक्कांना तिथंच संशय यायला हवा होता.

थोरला हाक न मारता उठला. थोरल्या सुनेनं कुणी न सांगता शेगडी पुसली. बिनलग्नाच्या धाकट्यानं आंघोळ करताना गाणं म्हटलं नाही आणि टॉवेल जागच्या जागी वाळत टाकला. ज्या घरात चमचा खाली पडला तरी तो कुणामुळे पडला यावर दोन तट पडायचे, त्या घरात माणसं एकमेकांना "आधी तू जा, आधी तू जा" करत होती. पण अक्कांचं लक्ष तव्याकडे होतं. आजचा नाश्ता त्या स्वतः करणार होत्या. तसं त्यांनी आठवडाभर उठता-बसता ऐकवलं होतं, आणि सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. सगळ्यांनी एकदम मान डोलावणं हेही या घरात पहिल्यांदाच घडत होतं. तेही अक्कांच्या नजरेतून सुटलं.

कारण गेल्या रविवारचं अजून त्यांच्या कानात वाजत होतं.

दर रविवारी सगळं घर कोपऱ्यावरच्या हॉटेलात नाश्त्याला जायचं. अक्कांचे यजमान होते तेव्हापासून. खिडकीजवळचं लांब टेबल, टोकाला दाराकडे तोंड करून अक्का, आणि दोन्ही बाजूंना बाकीचे, त्या आठवड्यात कोण कुणाशी बोलत नाही ते बघून बसलेले. पहिलं ऑम्लेट अक्कांपुढे यायचं. अक्का त्याचा कोपरा चमच्यानं तोडायच्या, जिभेवर ठेवायच्या, डोळे मिटायच्या आणि प्लेट सरकवून म्हणायच्या, "परत." मग दुसरं यायचं. ते चाखून त्या म्हणायच्या, "आता जमलं." तोवर टेबलावर कुणी पावाचा तुकडाही मोडायचा नाही.

"पहिलं ऑम्लेट माणूस हातानं करतो," अक्का सांगायच्या, "दुसरं भीतीनं करतो. खायचं ते दुसरं."

अक्कांचं शिक्षण बेरीज-वजाबाकीपाशी संपलं होतं, पण हा एक नियम त्यांनी जगभर लावला. दुकानदारानं काढलेलं पहिलं कापड परत. रंगाऱ्यानं दिलेला पहिला हात खरवडून परत. थोरल्यानं आपली होणारी बायको पहिल्यांदा घरी आणली, तेव्हा तिलाही दारातूनच "पुढच्या आठवड्यात ये" म्हणून परत पाठवलं होतं. दुसऱ्या खेपेला चहा दिला.

म्हाताऱ्या हॉटेलमालकाला हे सगळं ठाऊक होतं. पण त्याच्या गुडघ्यांनी संप केला आणि तो गल्ल्यावर बसायला लागला. स्वयंपाकघर आलं लेकीच्या हातात. गेल्या रविवारी ती लेक परत पाठवलेली प्लेट हातात घेऊन बाहेर आली आणि आजवर कुणी विचारलं नव्हतं ते तिनं विचारलं.

"अक्का, काय बिघडलंय यात?"

"ते तुला कळायला हवं."

"मला तर काही दिसत नाही. आणि खरं सांगू का, बाबा इतकी वर्षं हेच ऑम्लेट उलटं करून तुम्हाला परत देत होते. वरनं मिरपूड मारून. मला ते नाटक जमायचं नाही."

पलीकडच्या टेबलावर एक अनोळखी माणूस कॉफीत हसला. म्हणजे हसला आणि कॉफी नाकातून बाहेर आली. अक्कांनी रुमालानं ओठ टिपले, उठल्या आणि सगळ्या हॉटेलाला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "या दारात मी पुन्हा पाऊल ठेवणार नाही. आणि माझ्या घरातलंही कुणी ठेवणार नाही." आणि चालू पडल्या. मागोमाग सगळं घर उपाशीपोटी. धाकट्यानं तेवढ्यातही एक टोस्ट खिशात घातला होता, तो सोमवारी अक्कांनी शर्ट धुवायला घेतला तेव्हा सापडला.

तर आज नाश्ता घरी. टेबलावर प्लेटा मांडल्या, लोणी काढलं, लेक आणि जावई चार गल्ल्यांपलीकडे राहतात त्यांनाही निरोप गेला. आणि अक्कांनी पहिलं अंडं फोडलं, तेव्हा थोरला बूट घालत होता.

"अक्का, एका गिऱ्हाइकाच्या चष्म्याची काडी तुटलीय. दुकान उघडून द्यावी लागेल. बिचाऱ्याला काही दिसत नाही."

"मग तो दुकानापर्यंत येणार कसा?"

"विचारत विचारत येईल," म्हणून थोरला जिन्यात गेला सुद्धा.

थोरली सून माणसांना गाडी चालवायला शिकवते. तिच्या शिकाऊ मुलीची उद्या परीक्षा होती आणि मुलीला अजून गाडी मागं घेता येत नव्हती. धाकटा लिफ्ट दुरुस्त करतो. कुठल्याशा इमारतीत एक माणूस दोन मजल्यांच्या मध्ये अडकला होता. मग लेकीचा फोन आला.

"अक्का, यांच्या पोटात गडबड आहे गं. आम्हाला नाही जमणार."

"जावईबापूंच्या पोटात गडबड नसती तर मला कळवायचं. ती बातमी झाली असती," असं म्हणून अक्कांनी फोन ठेवला.

घर रिकामं झालं. अक्का ऑम्लेट करत राहिल्या. त्यांच्या हातचं बाकी सगळं नावाजलेलं, पण अंडं त्यांच्याशी कधी नीट वागलं नाही. ते तव्याला असं चिकटलं की तव्यासकट वाढावं लागलं असतं. खरवडून निघालं ते त्यांनी प्लेटमध्ये घेतलं, आपल्या जागेवर बसल्या, कोपरा तोडला, डोळे मिटले आणि सवयीनं प्लेट सरकवली.

"परत."

प्लेट टेबलाच्या मधोमध जाऊन थांबली. तिला घेऊन जाणारं कुणी नव्हतं.

अक्का त्या प्लेटकडे बघत बसल्या. आठवडाभर या घरात माणसं एकमेकांना फक्त जिन्यात भेटायची. कुणी उभ्या उभ्या खायचं, कुणी गाडीत, कुणी दुकानाच्या पायरीवर. एक रविवारचं ते टेबल होतं, जिथं पोटची पोरं, सून, जावई सगळे समोर यायचे, भांडायचे, आणि अक्कांनी चमचा उचलल्याशिवाय खायचे नाहीत. ते टेबल त्यांनी आपल्याच जिभेनं घालवलं होतं. शब्द मोडला तर मान जाणार होता. शब्द पाळला तर रविवार.

विचार करता करता त्यांची नजर खुंटीवर गेली. खुंटीवर दुकानाची चावी होती. खाली कोपऱ्यात धाकट्याची हत्यारांची पिशवी होती. अक्का उठून खिडकीशी गेल्या. शिकवायची गाडी, डोक्यावर पिवळी पाटी मिरवत, फाटकाशी उभी होती.

"असं काय," अक्का म्हणाल्या.

त्यांनी चप्पल बदलली, केस सारखे केले आणि जिना उतरल्या. त्या नाश्त्याला चालल्या नव्हत्या. त्या चोर पकडायला चालल्या होत्या. जिना उतरताना पोटात गुरगुरलं ते रागानं, असं त्यांनी ठरवलं.

हॉटेलाच्या खिडकीला खालच्या अर्ध्या भागात पडदा ओढलेला असतो. अक्का उंच नव्हत्या, पण पायरीलगत झाडाची कुंडी होती, तिच्या काठावर एक पाय ठेवला की सगळं हॉटेल दिसायचं. समोरचा शिंपी दुकान उघडत होता.

"अक्का, आत नाही जात?"

"हवा खातेय."

"कुंडीत उभ्या राहून?"

"वरची हवा चांगली असते. तू आपली काजंबटणं कर."

आत बघितलं तर सगळा कबिला तिथंच. पण गंमत अशी, की प्रत्येक जण वेगळ्या टेबलावर. कुणालाच कुणाचा पत्ता नव्हता. प्रत्येकाला वाटत होतं आपण एकटेच पापी.

थोरल्यानं ओळखू येऊ नये म्हणून चष्मा काढून ठेवला होता. चष्म्याच्या दुकानाचा मालक, आणि चष्म्याशिवाय त्याला स्वतःचा हात दिसत नाही. सुनेनं त्याच्याच दुकानातला काळा गॉगल लावला होता, त्या अंधाऱ्या कोपऱ्यात, आणि ती बोटांनी चाचपून कप शोधत होती. नवरा-बायको शेजारशेजारच्या टेबलांवर बसले होते आणि दोघंही ठार आंधळे. धाकटा फ्रीजकडे तोंड करून बसला होता, जणू फ्रीजनंच त्याला नाश्त्याला बोलावलंय. लेक आणि जावई खांबामागे होते. म्हणजे लेक खांबामागे होती. जावई सुतारकाम करणारा गडी, दोन खांबांमागेही मावला नसता.

मग थोरल्यानं हात लांबवून शेजारच्या बाईकडे काहीतरी मागितलं. मीठ असावं. बाईनं गॉगलामागून मीठ दिलं. त्यानं मान लववून आभार मानले. ती मान लववण्याची तऱ्हा बघून बाईनं गॉगल वर केला.

पुढचं अक्कांना ऐकू आलं नाही, पण ऐकायची गरजही नव्हती. सुनेचं बोट थोरल्याच्या नाकाशी गेलं. थोरल्यानं चष्मा चढवला आणि बायकोला बघून पुन्हा उतरवला. आवाज ऐकून धाकटा फ्रीजकडून वळला. खांबामागून लेकीनं डोकं काढलं, वहिनीला बघितलं, डोकं आत घेतलं. मग सगळ्यांनी सगळ्यांकडे बोटं दाखवली. पाच माणसं, दहा बोटं, आणि एकाचंही स्वतःकडे नाही.

"आता जाते आणि एकेकाची," असं पुटपुटत अक्का कुंडीवरून उतरणार, तेवढ्यात आत चिडीचूप झालं. जावयानं उठून खिडकीजवळचं लांब टेबल ओढून सरळ केलं. सगळे आपापला कप उचलून तिथं आले. थोरला टोकाच्या खुर्चीपाशी गेला, अक्कांच्या. ती त्यानं ओढून दाराकडे तोंड करून नीट लावली आणि स्वतः बाजूच्या खुर्चीत बसला. टोकाची रिकामीच राहिली.

मालकाची लेक ऑम्लेट घेऊन आली. पावाला कुणी हात लावला नव्हता. थोरल्यानं कोपरा तोडला, जिभेवर ठेवला, डोळे मिटले. काचेतून त्याच्या ओठांवर शब्द स्पष्ट दिसला.

परत.

अक्कांनी रुमालानं काच पुसली. काच तर स्वच्छच होती.

नेमकं तेव्हा जावयानं खिडकीकडे बघितलं. पडद्याच्या वर अक्कांचं डोकं, कपाळापासून हनुवटीपर्यंत, काचेला टेकलेलं. जावई उठला, शांतपणे खिडकीशी आला आणि त्यानं वरचा पडदाही ओढून घेतला.

अक्का पडद्याकडे बघत राहिल्या. आजवर अनेकांना त्यांच्या तोंडावर पडदा टाकावासा वाटला असेल, पण करून दाखवणारा हाच.

दाराची घंटा किणकिणली. आधी थोरला बाहेर डोकावला, त्याच्या काखेखालून धाकटा, मागं बायका. अक्का तोवर पायरीसमोर येऊन उभ्या होत्या. पायरीवर नाही. समोर.

"अक्का," थोरला म्हणाला, "तू इकडं कुठं?"

"फिरायला. तू दुकान उघडायला निघाला होतास."

"गिऱ्हाईक आलंच नाही."

"चावी खुंटीवर आहे. आलं असतं तर काय भिंतीतून आत घेणार होतास?" मग धाकट्याकडे वळून, "आणि तो लिफ्टमधला माणूस?"

"सुटला, अक्का."

"कसा? तुझी हत्यारं घरी आहेत."

"आपोआप सुटला," धाकटा म्हणाला. त्याच्या मिशीला जॅम होता.

सुनेनं गॉगल काढला. "मी सरळ सांगते. शिकाऊ मुलगी-बिलगी काही नव्हती. मला भूक लागली होती."

अक्कांना सरळ बोललेलं आवडायचं, पण ते समोरच्याला कळलेलं आवडायचं नाही. त्यांनी लेकीकडे मोर्चा वळवला.

"तुझ्या नवऱ्याचं पोट कसं आहे?"

"वहिनी आलीय म्हणून मी आले," लेक म्हणाली. "बघायला, की ती काय करतेय."

"तुझे दोन कप चहा झाले होते मी आले तेव्हा," सून म्हणाली.

"म्हणजे तुला मी दिसले होते?"

"मला कुणीच दिसत नव्हतं. पण अर्ध्या हॉटेलात तुझं फुरफुर पिणं ऐकू येत होतं."

"अहो, ऐकताय ना तुम्ही?" लेकीनं नवऱ्याला कोपरानं ढोसलं.

"माझ्या पोटाला इथलाच चहा मानवतो," जावई म्हणाला. त्याला दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर पाठ होतं.

या सगळ्यांना बाजूला सारून मालकाची लेक दारात आली. कमरेला फडकं, हातात ती परत पाठवलेली प्लेट.

"आत यायचं असेल तर आत या, अक्का. बाहेर राहायचं असेल तर बाहेर राहा. दार उघडं राहिलं की माझं सगळं गार होतं."

"मी बोलले ते बोलले."

"मीही बोलले ते बोलले. खोटं बोलले नव्हते."

दोघी एकमेकींकडे बघत उभ्या राहिल्या. दोघींच्याही माना सारख्याच ताठ. थोरल्यानं चष्मा पुसायला घेतला. तसा तो अडचणीत असला की पुसायचाच.

"मालक," अक्कांनी आत हाक मारली. "एकदा तुमच्या तोंडानं सांगा. मग मी माझ्या वाटेनं जाते."

म्हातारा गल्ल्यावरून उतरला. काठी टेकत, गुडघ्यांना समजावत, दारापर्यंत आला.

"बाई, सुरुवातीला मी दुसरं करत होतो. अगदी नवी अंडी फोडून. मग एका रविवारी तुमचे हे आत आले, स्वयंपाकघरात. म्हणाले, मालक, कशाला अंडी वाया घालवता? तेच उलटं करून द्या."

"हे म्हणाले?"

"हो. म्हणाले, मी घरी तेच करतो."

रस्त्यावर शिंप्याचं मशीन चालू होतं, ते बंद पडलं.

अक्का डोळे बारीक करून कुठंतरी लांब बघायला लागल्या. रोज सकाळी चहा त्यांचे यजमान करायचे. रोज त्या पहिला कप परत पाठवायच्या. "पाणी जास्त झालंय, पुन्हा करा." ते बिचारे मुकाट्यानं आत जायचे, भांडी वाजायची, आणि ते नवा चहा घेऊन यायचे. निळ्या कपात. पहिला नेहमी पांढऱ्या कपात असायचा.

"निळा कप," अक्का म्हणाल्या.

धाकटा दाराच्या घंटीकडे बघत होता, लेक आपल्या नखांकडे, थोरला चष्म्याच्या काचेकडे.

"तुम्हाला माहीत होतं," अक्का सावकाश म्हणाल्या. "सगळ्यांना."

"आम्हाला वाटलं तुलाही माहीत आहे," लेक म्हणाली. "आम्हाला वाटलं, अक्काला ते तसंच आवडतं."

अक्कांना कुणाशी तरी कडाडून भांडायचं होतं. पण ज्याच्याशी भांडायचं तो माणूस बैठकीच्या खोलीत फोटोत जाऊन बसला होता. आणि त्या फोटोत तो आधीपासूनच हसत होता. का हसतोय ते इतक्या वर्षांनी आज कळलं.

"खा तुम्ही," त्या म्हणाल्या. "मी घरी जाते. घरी ऑम्लेट आहे."

म्हणाल्या, पण हलल्या नाहीत. दारातलंही कुणी हललं नाही.

थोरली सून पायरी उतरून खाली आली. "अक्का, मी पहिल्यांदा आले तेव्हा तुम्ही मला दारातून परत पाठवलंत. आठवतंय?"

"तुझा अवतार बरा नव्हता."

"दुसऱ्यांदा आले तेव्हा मी काय बदललं होतं, सांगा. तेच कपडे, त्याच चपला. फक्त वेणी डावीकडून उजवीकडे घेतली होती. आणि तुम्ही म्हणालात, आता कशी माणसात आलीस."

"शोभत होती ती बाजू तुला."

"मी तुमचं पहिलं ऑम्लेट आहे, अक्का. उलटून वाढलेलं. माझ्याशी एवढी वर्षं जमलं ना तुमचं?"

अक्कांच्या ओठाचा एक कोपरा हलला. त्यांनी तो ताबडतोब जागेवर आणला. "जमलं म्हणण्यासारखं काही झालेलं नाही," त्या म्हणाल्या. "आणि काही झालं तरी या दारात मी पाऊल टाकणार नाही. चारचौघांत बोललेय."

"टाका असं कोण म्हणतंय?" सून दाराकडे वळली. "भावोजी, ते टेबल या दारातून जाईल?"

जावयानं खिशातून मोजपट्टी काढली. लग्नातही याच्या खिशात मोजपट्टी होती, अक्कांनी त्यावरून तेव्हा बरंच ऐकवलं होतं. त्यानं दाराची रुंदी घेतली, आत जाऊन टेबलाची घेतली, परत आला.

"दार काढलं तर जाईल."

"माझं दार?" मालकाची लेक म्हणाली.

"काढा," म्हातारा म्हणाला. "तसंही ते करकरतं."

जावयाच्या दुसऱ्या खिशात पेचकस होता. दार निघालं, आणि घंटीसकट किणकिणत भिंतीला टेकून उभं राहिलं. थोरला आणि धाकटा, जे एकमेकांशी गेल्या महिन्यापासून फक्त बायको आणि बहिणीमार्फत बोलत होते, ते टेबलाच्या दोन टोकांना लागले.

"माझ्याकडे ओढ."

"दादा, तुझ्याकडे भिंत आहे."

"मग तुझ्याकडे ढकलतो."

"माझ्याकडे अक्का आहे."

असं करत करत टेबलाचं टोक दारातून बाहेर आलं. तीन हिस्से आत, एक हिस्सा रस्त्यावर. बाहेरचे पाय पायरीवरून खाली लोंबकळले, त्यांच्याखाली जावयानं पावाचे रिकामे क्रेट दिले, पण ते थोडे कमी पडले. टेबल अक्कांच्या बाजूला कललं. सुनेनं टोकाची खुर्ची स्वतः उचलून बाहेर आणली, पायरीच्या खाली ठेवली, आणि हातानं झटकली.

अक्का बसल्या. दाराकडे तोंड करून. फरक एवढाच, की आजवर त्या आतून बघायच्या.

मग जागांवरून नेहमीचं सुरू झालं. अक्कांच्या जवळची जागा एरवी कुणाला नको असायची, कारण तिथं बोलणी जास्त बसायची. आज लेकीला हवी होती.

"मी बसणार. मी मुलगी आहे."

"कल्पना कुणाची होती?" सून म्हणाली.

"दार कुणी काढलं?" लेक म्हणाली. "माझ्या नवऱ्यानं."

"दोघी बसा समोरासमोर," अक्का म्हणाल्या. "एकीनं मला बोलायचं, दुसरीनं ऐकायचं. नंतर बदला."

टेबल कललेलं असल्यामुळे चहाचा कप ठेवला की तो हळूहळू अक्कांकडे निघायचा. लोणी निघालं, जॅमची बाटली निघाली, धाकट्यानं फार जपून धरलेला टोस्टही त्याची नजर चुकवून निघाला. घरातलं सगळं घरंगळत आपल्यापुढे येतंय यात अक्कांना काहीच वावगं वाटलं नाही. एक पोक्त गृहस्थ आत शिरायला जागा शोधत उभे राहिले.

"मागच्या दारानं जा," अक्कांनी त्यांना सांगितलं. "स्वयंपाकघरातून. भांड्यांना धक्का लावू नका."

गृहस्थ गेले. त्यांच्यामागून आणखी दोघं गेले. शिंप्यानं दुकानातून विचारलं, "अक्का, आता काय खाताय?"

"अजून काही आलं नाही. हवाच चाललीय."

"अक्का," धाकटा म्हणाला, "पुढच्या रविवारी पाऊस आला तर?"

"छत्री आण."

"पण मग दर रविवारी दार काढायचं?"

"जावईबापूंना दुसरं काय काम आहे?" असं म्हणून अक्कांनी घरंगळत आलेला धाकट्याचा टोस्ट उचलला आणि जावयाच्या प्लेटमध्ये ठेवला. बरीच वर्षं जावई या टेबलावर बसत होता, पण अक्कांनी स्वतःच्या हातानं त्याला काही वाढल्याचं कुणाला आठवत नव्हतं. जावयानं तो टोस्ट खाल्ला नाही. नुसता बघत बसला.

मालकाची लेक बाहेर आली. नवं ऑम्लेट, वाफ निघणारं. तिनं ते अक्कांपुढे ठेवलं आणि प्लेट घसरू नये म्हणून कडेला बोट लावून उभी राहिली.

थोरल्यानं चष्मा काढला. शिंप्याचं मशीन पुन्हा थांबलं.

अक्कांनी चमच्यानं कोपरा तोडला. जिभेवर ठेवला. डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांना कसला तरी निळा रंग दिसला असावा, कारण त्यांनी डोळे उघडायला जरा वेळ लावला. सगळ्यांना कळून चुकलं होतं, की आता त्यांनी गिळलं तर तो नियम गेला, आणि परत पाठवलं तर मालकाची लेक पुन्हा बोलणार, आणि मग हे टेबलही गेलं.

अक्कांनी प्लेट सरकवली. ती चढावर थोडी वर गेली आणि पुन्हा खाली आली.

"परत," अक्का म्हणाल्या.

मालकाच्या लेकीनं अक्कांकडे बघितलं. मग आत गल्ल्यावर बसलेल्या आपल्या बापाकडे बघितलं. तो छताकडे बघत होता. ती आत गेली नाही. तिनं अक्कांच्या हातातला चमचा घेतला, दुसऱ्या हातात थोरल्या सुनेचा काटा घेतला, आणि तिथंच, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, ऑम्लेट उचलून उलटं केलं. वरनं चिमूटभर मिरपूड मारली. चमचा परत दिला.

धाकट्यानं घरंगळत निघालेली जॅमची बाटली अडवून धरली.

अक्कांनी दुसऱ्या बाजूचा कोपरा तोडला. खाल्ला. सावकाश चावला.

"आता जमलं," त्या म्हणाल्या, आणि मान वर न करता चमचा पुन्हा भरला. "खा रे, गार होतंय."